आजी-आजोबांचा नाटकाचा ग्रुप सुरू तर होतो, पण टिकवायचा कसा?

२००६ सालची गोष्ट. टोकियोला लागून असलेल्या सायतामा प्रांतातल्या सरकारी नाट्यगृहाला नव्या नाटक कंपनीसाठी कलाकार हवे होते. अभिनयाचा अनुभव नसला तरी चालणार होतं. अट वयाची होती आणि ती जरा उलटी होती. वय किमान ५५ पाहिजे, त्यापुढे कितीही चालेल.

यामागे होते युकिओ निनागावा. शेक्सपिअरची नाटकं जपानी पद्धतीने बसवून जगभर गाजवणारे दिग्दर्शक. तेव्हा त्यांचं स्वतःचं वयही ७० होतं. बाराशेहून जास्त अर्ज आले, त्यातून ४८ जण निवडले गेले. कंपनीचं नाव ठेवलं 'सायतामा गोल्ड थिएटर'. आयुष्यभर नोकरी, दुकान, घर सांभाळलेली ही माणसं तालमी करू लागली आणि २०१३ मध्ये थेट पॅरिसला जाऊन प्रयोग करून आली. मे २०१६ मध्ये निनागावा गेले, तरी कंपनी थांबली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सायतामाच्या एका भल्यामोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये साठीच्या पुढचे सुमारे १६०० लोक एकाच प्रयोगात उतरले.

आणि डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचा प्रयोग करून ही कंपनी बंद झाली.

जगप्रसिद्ध दिग्दर्शक, हक्काचं नाट्यगृह, सरकारी पाठबळ. सगळं होतं. मग बंद का झाली? २००६ साली निवडलेली मंडळीच शेवटपर्यंत कंपनीचा गाभा होती, आणि ती सगळी एकत्रच म्हातारी होत गेली. अखेरीस सदस्यांचं सरासरी वय ऐंशीच्या पुढे गेलं होतं. पंधरा वर्षं ही मोठीच खेळी आहे, त्याला अपयश म्हणता येणार नाही. पण ज्येष्ठांचा नाट्यग्रुप सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येकासाठी यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सुरू कसं करायचं हे ठरवतानाच, माणसं कमी होत जातील तेव्हा काय, हेही ठरवावं लागतं.

आपल्याकडे नेमकं काय होतं?

महाराष्ट्रात नाटकाच्या हौसेला तोटा नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हापासून गणेशोत्सव, गॅदरिंग, कामगार कल्याण केंद्रं, राज्य नाट्य स्पर्धा अशा कुठल्या ना कुठल्या निमित्ताने तोंडाला रंग लावलेली माणसं गावोगावी सापडतात. आज सत्तरीत असलेल्या अनेकांनी बँकेच्या किंवा कारखान्याच्या स्पर्धेत काम केलेलं असतं. अनेक बायकांना तर घरून परवानगी नव्हती म्हणून ते कधी करताच आलेलं नसतं.

मग ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन येतो किंवा १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन येतो. कुणीतरी म्हणतं, यंदा एक नाटक बसवू या. दोन महिने तालमी होतात, प्रयोग होतो, टाळ्या पडतात, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात. पुढच्या वर्षी बघावं तर नायकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं. नायिका मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेला गेलेली असते. ज्यांनी सगळं जमवून आणलं होतं ते काका आता नसतात. 'पुढच्या वेळी करू' म्हणत विषय मिटतो.

यात आळस कुणाचाच नसतो. चूक रचनेत असते. तरुणांच्या ग्रुपमध्ये कलाकार गैरहजर राहणं हा अपवाद असतो. ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये तो नियम आहे. आज बीपी वाढलं, उद्या नातवाची शाळा लवकर सुटली, परवा डोळ्याचं ऑपरेशन. त्यामुळे 'सगळे आले तरच तालीम' या पद्धतीवर उभा केलेला ग्रुप पहिल्याच पावसाळ्यात बसतो.

एवढी खटपट करून फायदा काय?

पहिला फायदा सांगायला संशोधनाची गरज नाही. आठवड्यातून एक दिवस कुणीतरी आपली वाट बघतंय, आपण गेलो नाही तर प्रसंग अडतो, ही भावना निवृत्तीनंतर फार कमी ठिकाणी मिळते.

पण संशोधनही आहे. अमेरिकेत हेल्गा नॉइस आणि टोनी नॉइस या जोडप्याने ज्येष्ठांना अभिनय शिकवून त्याचा परिणाम मोजला. हेल्गा मानसशास्त्राच्या अभ्यासक, तर टोनी अभिनेते आणि दिग्दर्शक. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६० ते ८६ वयाचे १२४ जण होते. एका गटाला अभिनयाचे वर्ग, दुसऱ्याला चित्रकलेसारख्या दृश्यकलेचे, तिसऱ्याला काहीच नाही. चार आठवड्यांत प्रत्येकी दीड तासाचे नऊ वर्ग झाले. अभिनय शिकलेला गट शब्द लक्षात ठेवणं, अडचणीतून मार्ग काढणं आणि स्वतःबद्दलची भावना या बाबतींत काहीच न शिकलेल्या गटाच्या स्पष्टपणे पुढे गेला. दृश्यकलेच्या गटालाही फायदा झाला, पण कमी बाबतींत.

याचा अर्थ नाटक केल्याने डिमेन्शिया बरा होतो असा अजिबात नाही. असा दावा करणारा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका. अर्थ एवढाच, की या वयातही नवीन काही शिकता येतं आणि त्याचा उपयोग स्टेजच्या बाहेरही होतो.

सुरुवात कुठून करायची?

आठ-दहा माणसं पुरतात. ती शोधायला लांब जावं लागत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र, हास्यक्लब, भजनी मंडळ, वाचनालय, सोसायटीचं हॉल. ऑडिशन ठेवू नका. 'निवड' हा शब्द ऐकूनच निम्मी माणसं मागे फिरतात, आणि त्यात बहुतेक वेळा ज्यांना संधी कधीच मिळाली नाही अशीच माणसं असतात.

जागा निवडताना आधी दोन गोष्टी बघा. जिना आणि स्वच्छतागृह. दुसऱ्या मजल्यावरचा फुकटचा हॉल शेवटी महागात पडतो. वेळ दुपारी चार ते साडेपाच ही साधारण सोयीची. झोप झालेली असते, अंधार पडायच्या आत घरी पोचता येतं. पण ज्यांना नातवंडांना शाळेतून आणायचं असतं त्यांना ती जमणार नाही. म्हणून पहिल्या बैठकीत आधी वेळ ठरवा, नाटक नंतर. एकदा ठरलेला वार आणि वेळ मात्र बदलायचा नाही. चार माणसं आली तर चार माणसांत काम होईल, पण वर्ग रद्द होणार नाही. ग्रुप टिकवणारा सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच.

सुरुवातीचे दोन-तीन महिने पाठांतर नको, अभिवाचन करा. संहिता हातात धरून, खुर्चीत बसून, आवाजातून पात्र उभं करायचं. यात नेपथ्य लागत नाही, धावपळ नसते, आणि मुख्य म्हणजे एखादा माणूस आला नाही तर त्याचं वाचन दुसरा करू शकतो. पुष्कळ ग्रुप पुढेही अभिवाचनावरच राहिले तरी काही बिघडत नाही. अभिवाचन हा नाटकाचा पूर्ण प्रकार आहे, कच्चा नव्हे.

पाठांतर होत नाही, मग?

'मला काही आता पाठ होणार नाही हो,' हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये पहिल्या दिवशी ऐकू येतं. नॉइस जोडप्याचं आणखी एक काम इथे उपयोगी पडतं. नट संवाद कसे लक्षात ठेवतात याचा त्यांनी बरीच वर्षं अभ्यास केला. त्यातून दिसलं, की अनुभवी नट घोकंपट्टी करत नाहीत. हे पात्र हे वाक्य आत्ता का बोलतंय, समोरच्याकडून त्याला काय हवंय, हे ते शोधत बसतात. शब्द त्याच्या मागोमाग येतात. शिवाय हालचालीबरोबर बोललेलं वाक्य नुसत्या बोललेल्या वाक्यापेक्षा चांगलं लक्षात राहतं.

म्हणजे घरी बसून पान पाठ करण्यापेक्षा तालमीत चालत-बोलत प्रसंग करणं जास्त फायद्याचं. वाक्य शब्दशः आलं नाही तरी चालेल, समोरच्याला त्याचं वाक्य सुरू करता आलं पाहिजे. त्यासाठी प्रत्येक संवादाचा शेवटचा शब्द तेवढा पक्का करायचा. लांबलचक भाषणं दोघांत वाटून द्यायची. संहिता मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये अंतर सोडून छापायची. आणि प्रॉम्प्टर ठेवायचा. आपल्या रंगभूमीला विंगेतला प्रॉम्प्टर काही नवा नाही. पण ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना विंगेतली कुजबुज पोचत नाही. अशा वेळी प्रॉम्प्टरला सरळ स्टेजवरच एखादी भूमिका द्या. शेजारच्या खुर्चीत वही घेऊन बसलेला कारकून, पोथी वाचणारी आजी. प्रेक्षकांना काही वावगं वाटत नाही आणि नटाला धीर येतो.

नाटक कोणतं घ्यायचं?

म्हाताऱ्या माणसांचं नाटक म्हटलं की 'नटसम्राट' किंवा 'संध्याछाया' ही नावं आधी येतात. दोन्ही मोठी नाटकं आहेत. पण दोन-अडीच तासांचं, एका-दोघांच्या खांद्यावर उभं असलेलं नाटक नव्या ग्रुपला झेपत नाही. मुख्य नट आजारी पडला की सगळंच थांबतं. शिवाय ज्येष्ठांनी फक्त एकाकीपणाचं आणि मुलांनी टाकल्याचंच नाटक करायचं असा नियम नाही. सत्तरीच्या बाईंना खाष्ट सासू रंगवायची असेल, पंचाहत्तरीच्या गृहस्थांना पहिल्या प्रेमाचा प्रसंग करायचा असेल, तर ती मजाच वेगळी.

उत्तम पर्याय म्हणजे दहा-दहा मिनिटांचे चार-पाच सुटे प्रसंग, एका सूत्रात बांधलेले. एक प्रसंग गळाला तरी प्रयोग होतो. दुसरा पर्याय म्हणजे सदस्यांच्या आठवणींतूनच संहिता तयार करणं. लंडनमध्ये १९८३ साली पॅम श्वाइट्झर यांनी 'एज एक्स्चेंज' ही संस्था सुरू केली, ती याच कामासाठी. ज्येष्ठांच्या आठवणी गोळा करायच्या आणि त्यांतून नाटक उभं करायचं. आपल्याकडे याला विषयांची कमी नाही. १९७२ चा दुष्काळ, गिरणी संप, चाळीतला पहिला टीव्ही, रेशनची रांग, मुलगी बघायला आलेली मंडळी. फक्त एक पथ्य पाळायचं. आठवण ज्याची आहे त्याने हो म्हटल्याशिवाय ती स्टेजवर न्यायची नाही. आणि एखादी आठवण सांगताना माणूस थांबला, तर त्याला पुढे ढकलायचं नाही.

छापील नाटक घेणार असाल तर परवानगीचं बघा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यामुळे 'एकच प्याला' करायला मानधन लागत नाही. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या नाटकांचे हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहेत. पु. ल. आणि कुसुमाग्रज यांच्यासाठी अजून बरीच वर्षं. हक्क असतील तिथे लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्यायची आणि ठरेल ते मानधन द्यायचं. जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं. ते वेळेवर मिळावं म्हणून अर्ज तालमी सुरू होतानाच केलेला बरा.

स्टेजवर काय सांभाळायचं?

सगळ्यात मोठा धोका पडण्याचा. म्हणून दोन प्रसंगांच्या मध्ये पूर्ण ब्लॅकआऊट करायचा नाही, मंद उजेड ठेवायचा. उजेडातून एकदम काळोखात गेलं की वयस्कर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. वायरी चिकटपट्टीने जमिनीला दाबून टाकायच्या, गालिचा काढायचा, पायऱ्यांच्या कडेला पांढरी पट्टी लावायची. कॉस्च्युम म्हणून ऐनवेळी नवी चप्पल किंवा घोळदार नऊवारी देऊ नका, त्यात चार तालमी आधी झालेल्या असल्या पाहिजेत. प्रत्येक प्रसंगात एक तरी भक्कम खुर्ची ठेवा, जिच्यावर पात्र म्हणून बसता येईल.

एन्ट्रीचा इशारा फक्त आवाजावर ठेवू नका. दिवा लागला किंवा समोरचा उठून उभा राहिला की यायचं, असं दिसणारं काहीतरी हवं. प्रत्येकाच्या घरचा नंबर, चालू औषधं आणि डॉक्टरांचं नाव एका वहीत लिहून ती तालमीला कायम सोबत ठेवा. प्रयोग तासाभराच्या आत संपवा, किंवा मध्यंतर द्या.

मग टिकवायचं कसं?

आता मूळ मुद्दा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये 'स्टेजब्रिज' नावाची ज्येष्ठांची नाट्यसंस्था १९७८ साली सुरू झाली. तिचं काम एका ठरावीक चमूवर चालत नाही. अभिनयाचे, कथाकथनाचे वर्ग चालतात, त्यात नवी माणसं येत राहतात, आणि शिकलेले ज्येष्ठ शाळांमध्ये जाऊन मुलांना गोष्टी सांगतात. म्हणजे नाटक नसेल तेव्हाही काम सुरू असतं. सायतामाच्या उदाहरणाशेजारी हे ठेवलं की फरक लगेच कळतो.

आपल्या सोसायटीच्या ग्रुपलाही हेच लागू होतं. त्यासाठी काही गोष्टी पहिल्या दिवसापासून ठरवायच्या.

प्रत्येक भूमिकेला दोन माणसं. दोघंही तालीम करतात, दोघंही प्रयोग करतात, आलटून पालटून. 'बदली' हा शब्द वापरायचा नाही, म्हणजे कुणी दुय्यम ठरत नाही.

वर्षातून दोनदा नवीन माणसं घ्यायची, मग जुना संच कितीही छान जमलेला असो. साठीतली माणसं येत राहिली तरच ऐंशीतल्या माणसांना आधार राहतो.

सूत्रं दोघांच्या हातात. एक हिशेब बघतो, एक तालमी, आणि दोघांनाही एकमेकांचं काम येतं. संहिता, फोन नंबर, सामानाची यादी, हॉलवाल्याचं नाव हे सगळं वहीत असतं, कुणा एकाच्या डोक्यात नाही.

स्टेजवरून उतरलेल्यांसाठी जागा. ज्यांना आता उभं राहणं जमत नाही ते वाचन करतील, पेटीवर साथ देतील, प्रॉम्प्टिंग करतील, तिसरी घंटा देतील. विसरायला लागलेल्या माणसाला संवाद नसलेली पण प्रसंगात असलेली भूमिका देता येते. पण हा बदल त्या माणसाशी आधी एकट्याने बोलून करायचा, सगळ्यांसमोर नाही. नाटकातली भूमिका काढून घेतली जाते तेव्हा दुखतंच. मात्र येत्या आठवड्याला तुम्ही यायचंय आणि तुमच्याकडे हे काम आहे, एवढं सांगितलं तर माणूस येत राहतो.

आणि एखादा सदस्य गेलाच तर? हे टाळता येत नाही, म्हणून त्याबद्दल आधीच बोलून ठेवलेलं बरं. अनेकांना वाटतं, अशा वेळी काही दिवस तालीम बंद ठेवावी. पण ज्येष्ठांच्या ग्रुपमध्ये बंद पडलेली तालीम पुन्हा सुरू होणं अवघड असतं, आणि एकटं घरी बसून त्या बातमीचा विचार करणं त्याहून अवघड. त्या आठवड्याला सगळ्यांनी ठरलेल्या वेळी जमायचं. काम करायचं नसेल तर नाही करायचं. गेलेल्या माणसाची वाक्यं कोण बोलणार हे तिथेच, एकत्र ठरवायचं. ती वाक्यं बोलली जाणं हीच त्याची आठवण.

पैशांचं काय?

सुरुवातीला मोठा खर्च नसतो. वीस जणांनी महिन्याला २०० रुपये वर्गणी दिली तर ४,००० रुपये जमतात, वर्षाचे ४८,०००. झेरॉक्स, चहा, वर्षातून एक-दोन छोटे प्रयोग यांची तजवीज त्यात होऊ शकते. ज्यांना वर्गणी जमत नाही त्यांची नावं फक्त हिशेब बघणाऱ्याला माहीत असावीत. मोठं नाट्यगृह घेण्याआधी शाळा, वाचनालयं, शेजारचे ज्येष्ठ नागरिक संघ, वृद्धाश्रम इथे प्रयोग करा. तिथे भाडं कमी आणि प्रेक्षक नक्की. देणग्या घ्यायच्या असतील तेव्हा संस्थेची नोंदणी करायची, तोवर एखाद्या नोंदणीकृत संघाची शाखा म्हणून काम चालू शकतं.

घरच्या तरुण मंडळींनी काय करायचं?

रिक्षाचं बघा, संहिता टाइप करून द्या, बॅकस्टेजला उभे राहा. आणि प्रयोग बघायला गेलात तर 'या वयात किती गोड केलं!' एवढंच म्हणून थांबू नका. वयाला टाळी देणं सोपं असतं, पण दोन महिने तालीम केलेल्या माणसाला कामाबद्दल ऐकायचं असतं. कुठला प्रसंग आवडला ते सांगा. कुठे आवाज पोचला नाही तेही सांगा. पुढच्या आठवड्याच्या तालमीत त्यावर चर्चा होईल.